आवाज जरा बारीक करा की

देवळात दानपेटीशेजारी हल्ली क्यूआरचा बोर्ड असतो आणि बोर्डाशेजारी ती चौकोनी डबी. कुणी पैसे पाठवले की डबी खणखणीत आवाजात रक्कम सांगते. गाभाऱ्यासमोर डोळे मिटून उभ्या असलेल्या माणसाला फुकटात कळतं की पलीकडच्या काकूंनी ५१ दिले आणि त्यांच्या मागच्या शेठनी ११च दिले. आपल्याकडे दान म्हणजे या हाताचं त्या हाताला कळू नये. पावतीवर ‘एक सद्गृहस्थ’ लिहा म्हणणारी माणसं अजून आहेत. आता पंख्याच्या पात्यांवर आजोबांचं नाव रंगवून घेणारेही आहेत म्हणा, पण पंखा फिरायला लागला की नाव वाचता येत नाही, म्हणजे तेही निम्मं गुप्तदानच.

डबीचा आवाज कमी करता येतो, हे बऱ्याच विश्वस्तांच्या गावीही नसतं. तिच्या अंगावर अधिक-उण्याची दोन बटणं असतात. उण्याचं बटण तीन-चार वेळा दाबलं की आवाज पावती फाडणाऱ्या माणसापुरता राहतो. काम तेवढंच तर आहे.

डबीबद्दल आणखी एक गैरसमज दुकानादुकानांत भांडणं लावतो. ‘आवाज आला नाही, परत पाठवा.’ डबीत तिचं स्वतःचं सिम असतं. गिऱ्हाइकाच्या फोनशी किंवा दुकानदाराच्या फोनशी तिचा थेट संबंध नाही. पैसे खात्यात जमा झाल्याचा निरोप कंपनीच्या सर्व्हरवरून मोबाईल नेटवर्कनं तिच्याकडे येतो. सोलापूरच्या नवी पेठेतल्या तळघरातल्या दुकानात किंवा जाड दगडी भिंतींच्या देवळात रेंज गेली की पैसे येऊनही डबी मुकी राहते. उलट गिऱ्हाईक दाखवतं त्या हिरव्या बरोबरच्या खुणेवरही जाऊ नये, तसा खोटा पडदा दाखवणारी ॲप्स आहेत. दुकानदारानं स्वतःच्या फोनवर खात्यात जमा रक्कम बघावी, वाद झालाच तर बारा अंकी व्यवहार क्रमांक जुळवावा. आणि सकाळी शटर उघडल्यावर आपला क्यूआर आपणच एकदा स्कॅन करून नाव कुणाचं येतं ते पाहावं. एक पैसा लागत नाही. रात्रीतून आपल्या कोडवर दुसऱ्याचा कोड चिकटवलेला असला तर तो अगरबत्ती लावायच्या वेळेलाच सापडतो.

यूपीआय २०१६ साली आलं आणि भाजीवालीच्या गोणपाटापर्यंत पोचलं, त्याबद्दल कुरकुर करण्यासारखं काही नाही. माझी तक्रार आवाजापुरती आहे. ज्या गोष्टीला आवाज लागत नाही तिलाही आपण आवाज बसवतो आणि मग तो चढवतो. आवाज मोठा असणं आणि आवाज पोचणं यांत फरक आहे, एवढंच म्हणायचं आहे. हे सोलापुरात राहून म्हणायचं म्हणजे जरा धाडसच.

कारण या गावाला आवाजाचं वावडं कधी नव्हतं. जुनी मिल १८७७ सालची. पुढे नरसिंग गिरजी, लक्ष्मी-विष्णू, जाम मिल. गिरण्यांचे भोंगे हेच गावाचं घड्याळ होतं. भोंगा झाला की एक पाळी सुटायची, दुसरी आत जायची, घराघरांत त्या हिशेबानं भाकरी थापली जायची. तो आवाजही कर्कश होता, पण दिवसातून ठरलेल्या वेळी व्हायचा, त्यातून काही कळायचं आणि मग तो थांबायचा. गिरण्या गेल्या, भोंगे गेले. यंत्रमागाची खटखट मात्र पूर्व भागात अजून आहे.

धोट्याच्या मागाचा आवाज कुठून येतो ते जवळ उभं राहून बघण्यासारखं आहे. धोटा म्हणजे आडवं सूत घेऊन जाणारी लाकडी होडी. ती एका पेटीतून दुसऱ्या पेटीत नेली जात नाही, फेकली जाते. लाकडी दांडा त्याला फटका मारतो, धोटा ताण्याच्या, म्हणजे उभ्या सुतांच्या, पोटातून सणसणत पलीकडे जातो आणि तिथं आदळून थांबतो. मग फणी पुढे येऊन बाणा, म्हणजे ते आडवं सूत, ठोकते. म्हणजे एका खेपेत तीन ठोके. मिनिटाला शंभराच्या आसपास खेपा धरल्या तर एका मागाचे तीनशे ठोके, आणि पत्र्याच्या छपराखाली असे आठ-दहा माग. चादरीच्या मागावर डोक्यावर जेकार्ड, म्हणजे नक्षी विणणारं यंत्रही असतं. पुठ्ठ्याच्या पट्टीत भोक असेल तिथला हूक उचलायचा, नसेल तिथला नाही, त्यातून मोर उमटतो. हो किंवा नाही एवढ्याच दोन शब्दांवर चालणारी ही युक्ती फ्रान्समध्ये १८०४ सालची. ‘सोलापूरला टेक्नॉलॉजी उशिरा आली’ असं कुणी म्हणालं की मला ती पुठ्ठ्याची माळ आठवते.

कानाचा हिशेब असा आहे. ८५ डेसिबलमध्ये आठ तास काम केलेलं कसंबसं चालतं. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८८ला चार तास, ९१ला दोन, ९४ला एक. धोट्याच्या मागांचं शेड सहज नव्वदीच्या पुढे असतं आणि पाळी आठ किंवा बारा तासांची. तिथं माणसं हातानं आणि भुवयांनी बोलतात, सूत तुटलं, कांडी संपली, चहा आला, सगळं खुणांवर चालतं. कापसाचे बोळे घालून उपयोग नसतो, कापूस दोन-चार डेसिबलच अडवतो. स्पंजचं इअरप्लग दहा-वीस रुपयांना मिळतं. ते बोटांनी लाटून बारीक करायचं, दुसऱ्या हातानं कान वर आणि मागे ओढायचा, प्लग आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट दाबून धरायचा. नीट बसलं तर वीसेक डेसिबल खाली येतात. अर्धवट बाहेर लोंबकळत असेल तर न घातल्यासारखंच.

असा कान जातो तो सगळा एकदम जात नाही. आधी ४००० हर्ट्‌झच्या आसपासचा, म्हणजे वरच्या पट्टीचा, भाग जातो. बोलण्यात स्वर खालच्या पट्टीत असतात आणि स, श, फ, त, ख यांची धार वरच्या पट्टीत. म्हणून असा माणूस म्हणतो, ‘ऐकू येतंय, पण कळत नाही.’ त्याला ‘साखर’ आणि ‘भाकर’ दोन्हींतलं ‘आ-अर’ तेवढं पोचतं. आपण ओरडून सांगितलं की नेमका तो ‘आ’ मोठा होतो आणि ‘स’ होता तिथंच राहतो. सून चिडते, सासरे चिडतात, आणि दोघांचंही बरोबर असतं. अशा माणसाशी बोलायचं तर समोर जाऊन, तीन-चार फुटांवरून, आपल्या तोंडावर उजेड असताना, पंखा-टीव्ही थांबवून, नेहमीच्या आवाजात सावकाश बोलायचं. एकदा कळलं नाही तर तोच शब्द चढत्या आवाजात परत म्हणायचा नाही, वाक्य बदलायचं. ‘साखर आणायची का?’ कळलं नाही तर ‘चहात घालायला गोड संपलंय.’ मी तर याला शिष्टाचारातली पहिली गोष्ट म्हणेन, नमस्काराच्याही आधीची.

त्याच घरातला टीव्ही संध्याकाळी गल्लीभर ऐकू जातो, त्याचं निम्मं खापर टीव्हीवर फोडायला हवं. पातळ टीव्हीचे स्पीकर पडद्याच्या खाली किंवा मागे तोंड करून बसवलेले असतात. आवाज भिंतीवर आपटून खोलीत येतो, त्यात व्यंजनं बोथट होतात. शिवाय सिनेमाचं ध्वनिमुद्रण सहा वाटांसाठी, म्हणजे सहा चॅनेलसाठी, केलेलं असतं आणि संवाद मुख्यतः मधल्या वाटेत असतात. घरातल्या दोन स्पीकरांत ते कोंबताना संवाद दबतात, ढोल आणि गाड्या वर येतात. म्हणून संवादाला आवाज चढवा, मारामारीला उतरवा, हा खेळ रात्रभर चालतो. सेटिंगमध्ये साउंड आउटपुट स्टिरिओ किंवा पीसीएम करावं, ‘क्लिअर व्हॉइस’सारखा पर्याय असेल तो लावावा, ‘सिनेमा’ आणि ‘सराउंड’ बंद ठेवावं. नसेल तर बेस उतरवून ट्रेबल थोडा चढवावा. आणि टीव्ही छताजवळ टांगू नये. तो देव्हारा नाही, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर असावा. एवढं केलं की रिमोटवरचा पस्तीसचा आकडा वीस-बावीसवर येतो.

सिनेमा थेटरात बघायचा असेल तर मात्र शिट्ट्यांबद्दल माझं काही म्हणणं नाही. या गावात हिंदी, मराठी, तेलुगू, कन्नड सगळ्या भाषांतले हिरो आपलेच. पडद्यावर हिरो आला की पुढच्या रांगांतून शिट्टी यायचीच, ती तिकिटात धरलेली असते. नाटकाला ती सूट नाही. हुतात्मा स्मृती मंदिरात नट कुजबुजत असताना रांगेतला फोन वाजतो, आणि वाजतो त्याहून वाईट म्हणजे उचलला जातो. ‘नाटकात हाय बे, नंतर कर.’ हे वाक्य स्टेजवरच्या वाक्यापेक्षा स्पष्ट ऐकू येतं.

सिद्धेश्वर एक्स्प्रेसला रात्री लोक अंथरूण घालत असतात आणि मधल्या बर्थवर कुणीतरी रील्स लावतो. पंधरा सेकंदांचं गाणं, मग हसण्याचा ठोकळा, मग परत तेच गाणं. फोनचा स्पीकर नखाएवढा, त्यातून खालच्या पट्टीचा आवाज निघतच नाही. जो निघतो तो नेमका अशा पट्टीत असतो जिथं माणसाचा कान सगळ्यात तीक्ष्ण आहे. म्हणून आवाज फार मोठा नसूनही टोचतो. रात्री १० नंतर डब्यात मोठ्यानं गाणी लावू नयेत असं रेल्वेचंच सांगणं आहे. टीसीला बोलवायच्या आधी आपण एकदा सांगून बघावं. ‘तुम्हाला अक्कल आहे का’नं आवाज चढतो. ‘दादा, लहान पोरगं झोपलंय, आवाज जरा बारीक करा की’नं बहुतेक वेळा उतरतो. पोरगं नसलं तरी चालतं.

व्हॉट्सॲपवर लांबलचक आवाजी निरोप पाठवणाऱ्यांना शिकलेली माणसं नावं ठेवतात. मी ठेवणार नाही. साखर पेठेतल्या घरात बोलणं तेलुगू, शाळा मराठी, बाजार हिंदी-दखनी आणि अर्धे शेजारी कन्नड. तेलुगू घडाघडा बोलणाऱ्या कितीतरी जणांना तेलुगू लिपी येत नाही. विड्या वळणाऱ्या बाईचे दोन्ही हात पान आणि तंबाखूत गुंतलेले, ती टाईप कशानं करणार? हैदराबादेतल्या भावाला ती आपल्या भाषेत निरोप पाठवू शकते ते त्या माइकच्या बटणामुळेच. बटण दाबून वर सरकवलं की ते अडकतं, मग बोट धरून ठेवावं लागत नाही. माइक फोनच्या खालच्या कडेला असतो, तिथं तळवा येऊ देऊ नये, आणि पंख्याखाली बोलू नये. निरोप ऐकतानाची गोष्ट मात्र फार थोड्यांना माहीत असते. वाजवून फोन कानाला लावला की आवाज आपोआप कानाच्या छोट्या स्पीकरमधून येतो, साऱ्या रिक्षाला आपल्या नणंदेचं दुखणं कळत नाही.

आता मिरवणुकीचं. शिवजयंती, आंबेडकर जयंती, गणपती, नवरात्र, वर लग्नाच्या वराती. सोलापुरात रस्ता मोकळा असेल असा महिना शोधावा लागतो. मिरवणुकीला माझा विरोध नाही. लेझमाचे डाव बघायला मी कितीही वेळ उभा राहीन. हलगीही काही मंजुळ नसते, जवळून ती कानठळ्या बसवते. पण हलगी वाजते, पुढे जाते आणि विझते. चामडं सैल पडलं की वाजवणारा बाजूला जातो, कागद-पाचोळा पेटवून ती शेकतो, बोटानं टिचकी मारून पाहतो. तेवढ्यात गल्लीला श्वास मिळतो. बेसच्या पेट्यांच्या भिंतीला श्वास नसतो.

बेसच्या ५० हर्ट्‌झच्या ठोक्याची एक लाट जवळजवळ सात मीटर लांब असते. वीतभर भिंत तिला अडवत नाही, खिडकीचं दार लावून काही होत नाही. पत्रा थरथरतो, शटर वाजतं, फडताळातली भांडी सरकतात. त्यात अरुंद पेठेत दोन्ही बाजूंना तीन मजली घरं असली की आवाज मैदानात पसरतो तसा पसरत नाही, नळीतून गेल्यासारखा जातो. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की सहा डेसिबल उतरतात, गल्लीत तेवढे उतरत नाहीत. मंडळांची चढाओढ वॉटवर चालते, त्यातही फसवणूक आहे. अँप दुप्पट वॉटचा आणला तर आवाज तीनच डेसिबलनं वाढतो, कानाला जेमतेम कळेल इतका. कानाला दुप्पट वाटायला दहापट वॉट लागतात. मग ऑपरेटर मास्टर, म्हणजे आवाजाची मुख्य पट्टी, पुरता वर ढकलतो, लाल दिवे पेटतात, आवाज फाटतो. फाटलेला आवाज मोठा वाटतो खरा, पण तो कान आणि ट्वीटर, म्हणजे वरच्या पट्टीचा स्पीकर, दोन्ही खातो.

नियम आहेत, २००० सालचे. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद. वर्षाकाठी १५ पेक्षा जास्त नाहीत इतके दिवस सरकार रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं. राहत्या वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. दवाखाना, शाळा, कोर्टाभोवतीचे १०० मीटर सरकारनं तसं जाहीर केलं असेल तर शांतता क्षेत्र. आता ५५ म्हणजे दोन माणसांच्या साध्या गप्पांहूनही कमी. मिरवणुकीत हा आकडा पाळला जाईल असं कुणालाच वाटत नाही, आणि न पाळता येणारा नियम सगळेच मोडतात. मीटरचीही एक गोम आहे. नियमातला डेसिबल माणसाच्या कानाच्या मापानं मोजतात, त्यात ५० हर्ट्‌झचा आवाज सुमारे ३० डेसिबलनं कमी धरला जातो. म्हणून घरातली भांडी हलत असताना मीटर मवाळ आकडा दाखवतं. फोनमधल्या ॲपवर तर जाऊच नये, मोठ्या आवाजाला त्या माइकची हद्दच संपते. नाचणाऱ्या पोरांना हे सांगून उपयोग नसतो. भाडं ठरवणाऱ्या खजिनदाराला सांगावं. बेसच्या पेट्या निम्म्या केल्या तर पैसे वाचतात आणि नाच काही थांबत नाही.

कर्णा कुठल्याही धर्माचा असो, त्याला विज्ञान एकच. कर्ण्याची घडण माणसाचं बोलणं लांब नेण्यासाठी आहे, त्यातून गाणं लावलं की पत्र्यावर वाळू ओतल्यासारखं ऐकू येतं. देवळावर, दर्ग्यावर, मंडपात एकच कर्णा उंच बांधून तो ताणण्यापेक्षा चार लहान कर्णे खाली झुकवून, ज्याच्या त्याच्या पुढ्यातल्या माणसांपुरते ठेवावेत. आवाज सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास जातो. पन्नास मीटरवरचे दोन कर्णे एकाच वेळी ऐकू आले की प्रत्येक शब्द दोनदा येतो आणि प्रवचनाचा काला होतो. स्पीकरमधून शिट्टी वाजते तेव्हा माइक स्पीकरच्या पुढे आलेला असतो. माइक मागे न्यावा, तोंडापासून चार बोटांवर धरावा, मग आवाज चढवायची गरज उरत नाही. ‘हॅलो, चेक, चेक’ म्हणत माइकवर टिचक्या मारल्यानं काहीच कळत नाही, एक वाक्य बोलून पाहावं आणि शेवटच्या रांगेतल्या म्हातारीला विचारावं.

भजनाला तर माइक लागतच नाही. पखवाजाच्या डाव्या तोंडावर ओली कणीक थापली की तो घुमतो आणि तासाभरात वाळायला लागली की स्वर चढतो, मग कणकेला पाण्याचा हात लावून तो परत उतरवायचा. दहा माणसं, टाळ, पेटी, पखवाज. शेजारच्या दोन घरांपर्यंत जातं, तिसऱ्यापर्यंत जात नाही, ज्याला हवं तो येऊन बसतो.

संक्रांतीला सिद्धेश्वरांच्या यात्रेत त्यांच्या प्रतीकात्मक लग्नाच्या अक्षता पडतात तेव्हा मात्र कर्णे लागतात, माणूसच तेवढा असतो. सात नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, ६८ लिंगांची वाट चालून आलेले. इतका वेळ ‘एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र’नं दुमदुमलेली गर्दी सम्मती, म्हणजे मंगलाष्टकांसारखं पठण, वाचायला लागले की आपोआप गप्प होते. कुणी ‘शांतता राखा’ म्हणत नाही. जुन्या कन्नडमधले ते शब्द पुढच्यांना नीट ऐकू येतात, मधल्यांना थोडे. ‘सत्यम सत्यम, नित्यम नित्यम’ झालं की पुढचे हात वर जातात. पार मागे, पोराला खांद्यावर घेऊन टाचा उंचावून उभा असलेला यंत्रमागवाला कर्ण्याकडे बघतच नसतो. तो पुढच्या हातांकडे बघतो, आणि त्याच्या मुठीतल्या अक्षता वेळेवर सुटतात.